घरांतील जुन्या पेटीचें वय

बुलढाणा जिल्ह्याची ओळख परक्या माणसाला करून द्यावयाची म्हणजे बहुधा लोणारच्या सरोवरापासून आरंभ करावा लागतो. आकाशांतून आलेल्या अशनीच्या आघातानें काळ्या खडकांत पडलेला हा खड्डा केव्हांचा, हा प्रश्न शास्त्रज्ञ पुष्कळ वर्षें घोळवीत आले आहेत. ज्या खडकांत तो पडला तो खडक सुमारें ६.५ कोटी वर्षांपूर्वींचा. खड्डा मात्र त्या मानानें अगदीं अलीकडचा. आघातानें वितळलेल्या द्रव्याची परीक्षा एका रीतीनें केली तेव्हां उत्तर आलें सुमारें ५२,००० वर्षें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या रीतीच्या परीक्षेंत, आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून, उत्तर आलें सुमारें ५,७०,००० वर्षें. खड्डा एकच, पण एका उत्तराची दुसरें उत्तर दहापट!

यांतून सामान्य गृहस्थानें घेण्यासारखे बोध दोन आहेत. पहिला असा कीं, वस्तूचें वय आणि ती ज्या द्रव्याची घडली त्या द्रव्याचें वय हीं एक नव्हेत. दुसरा असा कीं, साक्षीदार कोणता बोलावला आणि त्याला काय विचारलें, यावर उत्तर पुष्कळसें अवलंबून असतें. हे दोन बोध आम्ही येथें आणले ते एका लहानशा, पण हल्लीं अनेक घरांतून निकडीच्या झालेल्या प्रश्नासाठीं.

मेहकर, चिखली, देऊळगांव राजा, खामगांव, मलकापूर अशा गांवांतील जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत. भावाभावांचीं बिऱ्हाडें पुण्यास, नागपुरास, क्वचित् समुद्रापलीकडेहि गेलीं आहेत. वाडा उतरावयाचा ठरला म्हणजे माळ्यावरून जें सामान खालीं येतें त्यांत तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर एखादी बाजाची पेटी पुष्कळदां निघते. भांड्यांची वांटणी वजनावर होऊं शकते. पेटीची होत नाहीं. काका म्हणतात ती पणजोबांची, आत्याबाई म्हणतात ती आजीच्या लग्नांतली, आणि दारांत आलेला जुन्या वस्तूंचा व्यापारी म्हणतो कीं, असल्या पेट्या पैशाला पासरी आहेत. कोणाचें खरें मानावें?

हा प्रश्न केवळ किंमतीचा नाहीं. वय चुकीचें धरलें तर एखादी खरोखर जुनी पेटी रद्दीच्या भावानें जाते. उलट एखाद्या पन्नास वर्षांच्या पेटीला पणजोबांचें नांव चिकटतें, आणि पुढच्या पिढीच्या हातीं वारशाऐवजीं एक दंतकथा येते. तिसरें नुकसान सर्वांत वाईट. घरांतील एखादा हौशी तरुण पेटी घासून, नवें पॉलिश चढवून, सूर बदलून चकचकीत करून आणतो, आणि जी साक्ष शंभर वर्षें टिकली ती एका आठवड्यांत नाहींशी होते. म्हणून पेटीला हात लावण्यापूर्वीं तिचें वय कसें वाचावें, हें घरांतील चार मंडळींना ठाऊक असणें अगत्याचें आहे.

पेटी आली कोठून

पहिली मर्यादा इतिहासच घालून देतो. पॅरिस येथील अलेक्झांद्र देबें यानें १८४२ सालीं हार्मोनियम या नांवाच्या वाद्याचे हक्क सरकारांत नोंदविले. तें वाद्य मेजाएवढें, पायानें भाता हलवून वाजवावयाचें. मिशनरी आणि साहेबलोक यांच्याबरोबर तें हिंदुस्थानांत आलें. जमिनीवर मांडी घालून, एका हातानें भाता मारीत दुसऱ्या हातानें वाजवावयाची जी पेटी आपण ओळखतों, तिच्या प्रसाराचें श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांस देतात. 'द्वारकिन' या नांवानें प्रसिद्धीस आलेली त्यांची पेढी १८७५ च्या सुमाराची.

महाराष्ट्रांत १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्कर यांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें, आणि संगीत नाटकांच्या लाटेबरोबर पेटी गांवोगांव पोंचली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या वादकांनीं तिला मैफिलींत मान मिळवून दिला. नाटकांतून ती कीर्तनांत व भजनांत आली आणि तेथून घरच्या माजघरांत.

वऱ्हाडची वाट लोहमार्गानें सोपी केली. मुंबईहून निघालेली जी. आय. पी. रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगांव या वाटेनें १८६७ सालीं नागपुरास पोंचली, आणि १८७० सालीं जलंबहून खामगांवास फांटा गेला. तेव्हां मुंबईची पेटी मलकापुरास उतरवून गाडीनें राजूरचा घाट चढवून बुलढाण्यास आणणें, ही गोष्ट पेटीच्या जन्माच्या वेळींच शक्य झालेली होती.

यावरून एक निर्णय झांकण न उघडतांच देतां येतो. हातपेटीला कोणी 'दोनशें वर्षांची' म्हणूं लागला तर त्याचें म्हणणें हंसून सोडून द्यावें. आणखी एक गैरसमज येथेंच दूर करूं. आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला मज्जाव केला होता. पण त्या मुदतींत घरोघरच्या पेट्या मुक्या झाल्या नाहींत, कीं कारागीरांनीं नव्या पेट्या करणें थांबविलें नाहीं. म्हणून तीं एकतीस वर्षें वयाच्या हिशेबांतून वगळण्याचें कांहीं कारण नाहीं.

नुसत्या क्रमांकावर विसंबूं नये

जुनें वाद्य दिसलें कीं लोक प्रथम क्रमांक शोधतात. क्रमांकाचा उपयोग किती आणि मर्यादा कोणती, हें समजण्यासाठीं परदेशांतील एका वाद्याचें उदाहरण फार बोधप्रद आहे. तें वाद्य म्हणजे विद्युत्-गिटार. हिच्या तारांचें कंपन चुंबक व तारेचें वेटोळें यांच्या योगानें विजेंत उतरवून ध्वनिवर्धकांतून ऐकवितात. कॅलिफोर्नियांतील फेंडर कंपनीची 'स्ट्रॅटोकॅस्टर' ही गिटार १९५४ सालीं बाजारांत आली. १९६५ च्या आरंभीं ती कंपनी दुसऱ्या धन्याच्या हातीं गेली. त्यापूर्वींच्या नगांना आज फार मोठी किंमत येते, आणि जेथें किंमत आली तेथें लबाडीहि आली. म्हणून तेथील जाणत्यांनीं वय काढण्याची विद्या अगदीं न्यायालयाच्या थाटाला नेली आहे.

त्या गिटारीचा क्रमांक मागील बाजूच्या एका धातूच्या पट्टीवर असतो. पण ती पट्टी चार स्क्रूंनीं बसविलेली. एका वाद्याची काढून दुसऱ्याला लावणें हें पांच मिनिटांचें काम. म्हणून जाणता माणूस गिटारीची मान सोडवितो. मानेच्या बुडाशीं कारखान्यांतील पेन्सिलीनें लिहिलेली किंवा शिक्क्यानें उमटविलेली तारीख पुष्कळदां सांपडते. मग तो आवाज कमीजास्त करण्याच्या बटनाखालचा भाग पाहतो. समजा, त्यावर ३०४६३१२ असे अंक आहेत. यांतील पहिले तीन अंक तो भाग करणाऱ्या कारखान्याचे, पुढील दोन १९६३ सालाचे, आणि शेवटचे दोन त्या सालच्या बाराव्या आठवड्याचे. म्हणजे तो भाग मार्च १९६३ मध्यें झाला. ती गिटार त्यापूर्वींची असूं शकत नाहीं. त्यानंतरची मात्र असूं शकते, कारण असे भाग कारखान्याच्या कोठींत कांहीं काळ पडूनहि राहत. शेवटीं तो तारांचे झाळलेले सांधे पाहतो. सांधे पहिल्यापासून अस्पर्श असतील तर भाग मूळचा. पुन्हां झाळलेले दिसले तर त्या भागाची साक्ष बाद.

या सर्व खटाटोपाचें सार एका वाक्यांत येतें: वस्तूच्या मूळच्या भागांपैकीं जो सर्वांत अलीकडचा, त्याच्याहून ती वस्तू जुनी असूं शकत नाहीं. येथें 'मूळच्या' हा शब्द महत्त्वाचा. मागून घातलेला भाग दुरुस्तीचें वय सांगतो, वाद्याचें नव्हे.

आपल्या पेटीला हाच नियम लावावा. परदेशी पायपेटी घरांत असेल तर काम थोडें सोपें. अमेरिकेंतील ब्रॅटलबरो येथील एस्टी कंपनीसारख्यांच्या पायपेट्यांचे क्रमांक आणि सालें यांचे तक्ते जाणत्यांनीं तयार केलेले आहेत. देशी हातपेटीवर मात्र नुसता आंकडा असला तर तो पेटीचा कीं पेढीच्या वहीचा, हेंहि कळत नाहीं. तेथें भागांनाच बोलतें करावें लागतें.

पेटीच्या अंगावरील साक्ष

प्रथम पेटी जशी आहे तशी उजेडांत ठेवून सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असल्यानें याला सबब उरलेली नाहीं. नंतर झांकण, मग पट्ट्यांवरील फळी, मग सुरांची फळी, असें क्रमानें उघडावें आणि प्रत्येक पायरीला छायाचित्र घ्यावें. ज्याला हें जमणार नाहीं त्यानें कारागीराकडून उघडवावें. मात्र 'उघडा, पण पुसूं नका' अशी सूचना आधीं द्यावी.

लाकूड पाहून वय ठरवूं नये. लोणारचा खडक आणि लोणारचा खड्डा यांतील अंतर येथें आठवावें. जुन्या सागवानाला कारागीर नेहमींच पसंती देत आले आहेत. मोडलेल्या तुळईची नवी पेटी होऊं शकते. लाकडाचा काळेपणा तर धुरानें आणि तेलकट हातांनींहि येतो.

लाकडापेक्षां स्क्रू अधिक बोलके. जुन्या स्क्रूच्या माथ्यावर एकच सरळ खांच असते. फुलीच्या आकाराची खांच असलेला स्क्रू अमेरिकेंतील हेन्री फिलिप्स यानें प्रचारांत आणला. त्याचे हक्क १९३६ सालचे. मूळच्या जागीं असा स्क्रू दिसला तर पेटी त्यानंतरची. पण एकदोनच स्क्रू तसे, बाकीचे सरळ खांचेचे, आणि शेजारीं बुजविलेलीं जुनीं भोकें असें दिसलें तर ती दुरुस्ती समजावी.

चिकटविण्याचें द्रव्यहि पाहावें. पूर्वींचे सुतार सरस वापरीत. तो जुना झाला म्हणजे मधाच्या रंगाचा, ठिसूळ होतो आणि कोमट पाण्यानें मऊ पडतो. पांढरा कृत्रिम डिंक आपल्याकडे घरोघर पोंचला तो फेव्हिकॉलच्या नांवानें, आणि तें १९५९ पासून. मुख्य सांध्यांत सरस आणि एखाद्या कोपऱ्यांत पांढरा डिंक असला तर पेटी जुनी, कोपरा नवा.

सुरांच्या पितळी पट्टीवर पुष्कळदां करणाराची खूण अगर देशाचें नांव असतें. परदेशी मालावर मूळ देश दाखविण्याची सक्ती ब्रिटिश राज्यांत १८८७ च्या आणि हिंदुस्थानांत १८८९ च्या कायद्यानें आली. तेव्हां 'मेड इन जर्मनी' हीं अक्षरें साधारणतः त्यानंतरचीं. त्यांत 'वेस्ट' हा शब्द असेल तर तो माल १९४९ नंतरचा, कारण जर्मनीचे दोन भाग त्या सालीं झाले. दोन्ही महायुद्धांच्या काळांत, म्हणजे १९१४–१८ व १९३९–४५ या वर्षांत, जर्मन माल येणें बंद पडलें. तरी पेढीवरील शिल्लक संपेपर्यंत पेट्यांत बसविला गेला असणें अशक्य नाहीं. देशी सुरांत सौराष्ट्रांतील पालिताण्याच्या सुरांचें नांव मोठें. पण ध्यानांत ठेवावें कीं, सूर हा पेटींतील सर्वांत जास्त बदलला जाणारा भाग आहे. सुराखालच्या लाकडावर दुसऱ्या मापाच्या पट्टीचा ठसा दिसला, किंवा कांहीं सूर उजळ व कांहीं काळवंडलेले दिसले, तर सुरांची साक्ष जपूनच घ्यावी.

सुराच्या उंचीवरून वय काढण्याचा मोह कोणाला होईल. फ्रान्सनें १८५९ सालीं ठरविलेला स्वर सेकंदास ४३५ कंपनांचा होता, आणि १९३९ सालीं लंडनच्या परिषदेंत ४४० ठरला, हें खरें. परंतु धूळ बसून सूर उतरतो आणि कारागीर कानशीनें खरवडून तो पुन्हां चढवितो किंवा उतरवितो. म्हणून ही साक्ष सर्वांत कच्ची.

सर्वांत पक्की साक्ष बहुधा पेन्सिलीची. पट्ट्यांच्या बाजूंवर कारागीरानें घातलेले अनुक्रम एकाच हाताचे आहेत कीं मध्येंच एखादा आंकडा वेगळ्या वळणाचा आहे, हें पाहावें; वेगळा असेल ती पट्टी बदललेली. दुरुस्ती करणारे लोक फळीच्या आंतील अंगावर नांव व तारीख लिहीत असत. ही तारीख सांपडली तर ती सोन्यासारखी; कारण पेटी त्या तारखेनंतरची असूं शकत नाहीं. इतर बहुतेक खुणा 'याच्या आधींची नव्हे' एवढेंच सांगतात. दुरुस्तीची तारीख 'याच्या नंतरची नव्हे' असें सांगते. दोन्ही टोकें मिळालीं म्हणजे वय मधोमध सांपडतें.

देणगीची पेटी असेल तर तिच्यावर पुष्कळदां शक असतो. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो; पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला बहुधा ७९ मिळवावे लागतात. नुसतें संवत्सराचें नांव असेल तर मात्र सावध असावें. 'साधारण नाम संवत्सर' शके १८३२ म्हणजे १९१० सालीं होता, आणि पुन्हां शके १८९२ म्हणजे १९७० सालींहि होता. संवत्सर साठ वर्षांनीं फिरून येतो, आणि साठ वर्षांची चूक पेटीच्या आयुष्यांत लहान नव्हे.

वऱ्हाडच्या चिठ्ठीची साक्ष

आपल्या जिल्ह्यांतील पेट्यांना एक विशेष सोय आहे, ती इतर प्रांतांतील पेट्यांना इतकी नाहीं. हा मुलूख एका शतकांत इतक्या राज्यव्यवस्थांखालून गेला कीं, पेटीच्या आंत चिकटविलेली विक्रेत्याची चिठ्ठी, शाळेचा शिक्का, किंवा वहींत ठेवलेली पावती हीं गांवाच्या पत्त्यावरूनच आपला काळ सांगतात.

पत्त्यांत 'सी. पी. अँड बेरार' अथवा 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असेल तर तो कागद १९०३ ते १९५० यांमधील. कारण १९०३ सालीं वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला, आणि १९५० सालीं त्या प्रांताचें नांव मध्यप्रदेश झालें. 'बुलढाणा, मध्यप्रदेश' असा पत्ता १९५० ते १९५६ एवढ्या सहा वर्षांचाच. १९५६ च्या नोव्हेंबरांत विदर्भ मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत. त्याहून जुनी एक खूण अशी कीं, खामगांव व जळगांव हे तालुके १९०५ सालापर्यंत अकोला जिल्ह्यांत होते, शेगांवहि त्यांतच. 'खामगांव, जिल्हा अकोला' असा छापील पत्ता कोणाच्या पेटींत सांपडला, तर त्या घरानें तो कागद कांचेखालीं ठेवावा.

रेल्वेची पार्सलची चिठ्ठी असेल तर तीहि वाचावी. जी. आय. पी. हें नांव १९५१ सालीं मध्य रेल्वे झाली तेव्हां गेलें. किंमत रुपये-आणे-पै यांत असेल तर पावती १ एप्रिल १९५७ पूर्वींची. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ मधील. पत्त्यांत सहा आंकडी पिन असेल तर १९७२ च्या ऑगस्टनंतरची. 'बॉम्बे' ऐवजीं इंग्रजींतहि 'मुंबई' छापलें असेल तर बहुधा १९९५ नंतरची, आणि 'कोलकाता' असेल तर २००१ नंतरची. अशा चिठ्ठ्या ओल्या फडक्यानें पुसूं नयेत. कोरड्या मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी आणि तिरप्या उजेडांत वाचाव्या.

घरच्या माणसांची साक्ष

लाकूड-पितळेनंतर माणसांकडे वळावें. पण विचारण्याची रीत असावी. वृद्ध माणसाला 'पेटी कोणत्या सालीं आणली?' असें विचारलें म्हणजे तें बिचारें कांहींतरी साल सांगून मोकळें होतें. त्याऐवजीं आजींना विचारावें, 'तुम्ही लग्न होऊन या घरांत आलांत तेव्हां पेटी होती का? कोठें ठेवीत? कोण वाजवी?' जागेची, माणसाची आणि प्रसंगाची आठवण आंकड्याच्या आठवणीपेक्षां पुष्कळ टिकाऊ असते. नव्या सुनेला सासरच्या घरांतील प्रत्येक वस्तु प्रथमदर्शनींच मनांत ठसते. म्हणून पेटीच्या बाबतींत घरच्या मुलांपेक्षां घरांत आलेल्या सुना अधिक चांगल्या साक्षीदार ठरतात, आणि दुर्दैवानें त्यांनाच सर्वांत शेवटीं विचारलें जातें. लग्नाची तारीख पत्रिकेवरून किंवा नोंदीवरून मिळते. मग आठवणीला साल आपोआप चिकटतें.

याशिवाय जमाखर्चाच्या वह्या, आहेराच्या याद्या आणि मुंजी-लग्नांतील समूहचित्रें पाहावींत. चित्राच्या कोपऱ्यांत पेटी बसलेली असते. तिच्या खुंट्यांची संख्या, झांकणाची नक्षी, कडीचा आकार ताडून पाहिला म्हणजे ती हीच कीं दुसरी, हें कळतें.

एक कल्पित उदाहरण

हे नियम एकत्र कसे लावावेत, तें दाखविण्यासाठीं एक पेटी कल्पूं. समजा, ती एका वाड्याच्या माळ्यावर निघाली आहे. घरांत परंपरा अशी कीं, हीच पेटी पणजोबांनीं शेगांवीं गजानन महाराजांसमोर भजनाला वाजविली. महाराजांची समाधि ८ सप्टेंबर १९१० ची. म्हणजे ही पेटी त्यापूर्वींची असली पाहिजे.

पेटी उघडली. आंत विक्रेत्याची चिठ्ठी, 'खामगांव, सी. पी. अँड बेरार' अशी. अर्थात् १९०३ ते १९५०. सुरांवर 'मेड इन जर्मनी', त्यांत 'वेस्ट' नाहीं, हेंहि जुळतें. येथवर परंपरेला बाध नाहीं. झांकणाच्या बिजागरीला दोन फुलीचे स्क्रू, पण शेजारीं बुजविलेलीं भोकें. ती दुरुस्ती, म्हणून सोडून दिली. नंतर भात्याच्या घड्यांच्या आंत चिकटविलेला वर्तमानपत्राचा तुकडा दिसला, त्यावर १९२६ सालची तारीख. भाता मागून बदलला असेल काय? चुकांचीं भोकें एकाच ओळीचीं, दुसरीं जुनीं भोकें कोठें नाहींत, आणि सरस सर्वत्र एकाच रंगाचा. म्हणजे भाता मूळचा. शेवटीं सुरांच्या फळीमागें पेन्सिलीनें, 'सूर साफ केले, श्रावण शके १८६४'. श्रावण असल्यानें ७८ मिळवावयाचे, म्हणजे १९४२.

निर्णय असा: पेटी १९२६ पूर्वींची नव्हे आणि १९४२ नंतरची नव्हे. महाराजांसमोर वाजली ती पेटी ही नव्हे.

येथें घरांत थोडा खेद होईल, हें आम्ही जाणतों. पण निर्णय काय म्हणतो आणि काय म्हणत नाहीं, हें नीट पाहावें. पणजोबा भजनाला वाजवीत नव्हते, असें तो म्हणत नाहीं. त्यांच्याजवळ दुसरी पेटी असेल, ती झिजली म्हणून ही आणली असेल. जुन्या वस्तूची कथा नव्या वस्तूवर उतरणें, हें घराघरांतून घडतें. यांत कोणाची लबाडी नसते, मायाच असते. भक्ति पेटीच्या वयावर उभी नसल्यानें तिला या निर्णयानें धक्का लागत नाहीं. शिवाय या पेटीनें नवी गोष्टहि सांगितली आहे: १९४२ च्या श्रावणांत या घरांत कोणीतरी पैसे खर्चून सूर साफ करवून घेतले, म्हणजे तेव्हां घरांत कोणी वाजवीत होतें. तें कोण? हा प्रश्न आतां आजींना विचारतां येईल, आणि त्याचें उत्तर कदाचित् जुन्या दंतकथेहून अधिक जवळचें निघेल.

निर्णय लिहून ठेवावा

आमची शेवटची सूचना साधी आहे. इतका शोध केल्यावर तो तोंडीं ठेवूं नये. एका चांगल्या कागदावर शाईनें दोन मर्यादा लिहाव्या, 'अमुक सालापूर्वींची नव्हे, अमुक सालानंतरची नव्हे', आणि प्रत्येकीखालीं कारण लिहावें. कोणते भाग मूळचे, कोणते बदललेले, हें वेगळें लिहावें. घरांतील आठवण असेल तीहि लिहावी, पण 'आजी सांगतात' असें म्हणून. पेटीनें सांगितलेलें आणि माणसानें सांगितलेलें यांची सरमिसळ करूं नये. खालीं लिहिणाराचें नांव व तारीख घालावी, म्हणजे पुढील शोधकाला हाहि एक साक्षीदार मिळेल. त्या कागदाची एक प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवावी, आणि दुसरी पाकिटांत घालून पेटीच्या आंत, भात्याला व सुरांना अडचण होणार नाहीं अशा जागीं ठेवावी.

त्यानंतर पेटी विकावयाची, कोणा भावाच्या घरीं द्यावयाची, कीं दुरुस्त करून मुलांच्या हातीं द्यावयाची, तें खुशाल ठरवावें. दुरुस्त करावयाची झाली तर काढलेले जुने स्क्रू, सूर व चामड्याचे तुकडे एका पिशवींत घालून पेटीबरोबरच ठेवण्यास कारागीरास सांगावें. वाद्य वाजण्यासाठीं असतें. तें साक्षीपुरतें मुकें ठेवावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. मात्र आधीं तिचें ऐकून घ्यावें आणि मग तिला गावयास लावावें, एवढाच क्रम पाळावा.